खोटं आणि खोटं-खोटं

बालवर्ग सुटला, फाटकापाशी नेहमीसारखी गर्दी झाली, आणि त्या गर्दीत वकीलबाईने मुंगीच्या आईच्या मनगटाला कडकडून चावा घेतला.

वकीलबाई पाच वर्षांची होती. हे नाव तिला तिच्या आजोबांनी ठेवलेलं. ‘झोप आता’ म्हटलं की ‘का?’, ‘कोण म्हणालं?’ आणि ‘काल तर तुम्हीच जागे होतात’ अशी उलटतपासणी सुरू व्हायची, म्हणून. पण आजवर ती कुणाला चावली नव्हती. जे काही भांडायचं ते तोंडाने, म्हणजे बोलून, भांडायची.

“सोड! अगं सोड तिला!” वर्गाच्या बाई हातातली पाण्याची बाटली टाकून धावल्या.

वकीलबाईने मनगट सोडलं, पण बाहीला लोंबकळतच राहिली. “किल्ली दे आधी! आजोबांना बाहेर काढ! त्यांना औषध घ्यायचंय!”

मुंगीच्या आईला क्षणभर काही उमजेना. मग उमजलं, आणि हसावं की रडावं तेच कळेना.

ती नटी होती. बरीच वर्षं तिला किरकोळ कामं मिळत आली: दवाखान्यातली नर्स, शेजारीण, दार उघडून ‘साहेब घरी नाहीत’ म्हणणारी बाई. आणि आता कुठे एका सिरियलमध्ये मोठं काम मिळालं होतं. संध्याकाळी घरोघरी लागणारी सिरियल. त्यात ती होती काकू. घर आपल्या नावावर व्हावं म्हणून या काकूने म्हाताऱ्या सासऱ्यांना अडगळीच्या खोलीत कोंडून ठेवलं होतं आणि किल्ली कमरेला लावून ती घरभर मिरवत होती. वकीलबाईच्या घरी ही सिरियल आजी बघायची. वकीलबाई आजीच्या मांडीवर डोकं ठेवून, उशीचं टोक चावत बघायची. आदल्या संध्याकाळी त्या म्हाताऱ्यांनी आतून दार ठोठावत ‘माझं औषध तरी द्या गं’ म्हणून हाक मारली होती, आणि काकू आरशासमोर उभी राहून गुणगुणत केस विंचरत होती.

बाईंनी मुंगीच्या आईच्या हातावर थंड पाणी ओतलं. दातांची अर्धवर्तुळं छान उमटली होती.

“राहू द्या हो,” मुंगीची आई म्हणाली. “काम बरं चाललंय म्हणायचं.” पण हे बोलताना तिचा चेहरा उतरला होता.

प्रकरण एका चाव्याचं नव्हतं. मुलं आपल्या दोस्तांच्या आयांना काकूच म्हणतात. पण गेल्या काही आठवड्यांत या वर्गात तो शब्दच बाद झाला होता. सगळ्या आया एकाएकी मावश्या झाल्या होत्या. मुंगीची आई फाटकाशी दिसली की पोरं बाईंच्या मागे दडायची. आणि मुंगी? चणीने बारीक, सतत लगबगीत, म्हणून ती मुंगी. सुरुवातीला तिला कुणी खेळायला घेईना. ‘तुझी आई आम्हाला कोंडेल’ म्हणायचे. ती दोन दिवस कोपऱ्यात बसून रडली. तिसऱ्या दिवशी डोळे पुसून उठली आणि झोपाळ्यावर बसलेल्या मुलाला म्हणाली, “उतर, नाहीतर आईला सांगून खरंच कोंडीन.” मुलगा उतरला. तेव्हापासून झोपाळा मुंगीचा.

हे बाईंनी पाहिलं होतं आणि त्यांना ते रडण्यापेक्षाही वाईट वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळ्यांना गोल बसवलं. टीव्हीत जे दिसतं ते खोटं असतं, असं त्यांनी समजावून सांगितलं. मुंगीची आई दुष्ट नाही, ती दुष्ट असल्याचं दाखवते. म्हातारे आजोबा कोंडलेले नाहीत, तेही तसं दाखवतात.

वकीलबाईचा हात वर होताच. “म्हणजे ते खोटं बोलतात?”

“हो, म्हणजे… तसंच.”

“तुम्ही म्हणता खोटं बोलू नये.”

“नयेच बोलू.”

“मग त्यांना कुणी का ओरडत नाही?”

मुलं बाईंकडे टक लावून बघत होती. तेवढ्यात पलीकडून कुणीतरी म्हणालं, “बाई, ते खोटं नसतं. खोटं-खोटं असतं.”

बोलणारी मुंगी होती. आणि आपण बोललो ते आपल्या झोपाळ्याच्या मुळावर येणार हे लक्षात आल्यासारखी ती लगेच गप्प झाली.

“शाब्बास,” बाई म्हणाल्या. “खोटं म्हणजे समोरच्याला फसवायचं. खोटं-खोटं म्हणजे दोघांनाही ठाऊक असतं.”

“मला ठाऊक नव्हतं,” वकीलबाई म्हणाली.

संध्याकाळी बाईंनी मुंगीच्या आईला गाठलं आणि विचारलं, या मुलांना एकदा तुमचं काम बघता येईल का? प्रत्यक्ष?

शूटिंग गावाबाहेरच्या एका जुन्या गोदामात चालायचं. बाहेरून पत्रे, आत मनगटाएवढ्या जाड वायरींचं जंजाळ आणि त्या जंजाळाच्या मधोमध एक लखलखीत घर. मुलं बसमधून उतरली ती एकमेकांचे सदरे धरून. बाईंनी तसंच बजावलं होतं.

आधी त्यांना दिवाणखाना दिसला. टीव्हीत तो केवढा मोठा! इथे बाईंच्या वर्गाएवढाही नव्हता. त्याला छत नव्हतं. छताच्या जागी दिवे लटकत होते. खिडकीबाहेरची बाग एका मोठ्या कापडावर छापलेली होती आणि तिला एके ठिकाणी सुरकुती पडली होती. वरच्या मजल्यावर जाणारा जिना चार पायऱ्यांनंतर संपत होता.

“पुढे?” एकाने विचारलं.

“पुढे काही नाही,” सामान मांडणारा माणूस म्हणाला. “चढताना दाखवतो, पोचताना नाही.”

मग आली अडगळीची खोली. दाराला हे मोठं कुलूप होतं. वकीलबाईने बाईंचा हात घट्ट धरला. मुंगीची आई, अजून स्वतःच्या साध्या कपड्यांतच, पुढे झाली आणि म्हणाली, “इकडून या.” कुणी दार उघडलं नाही. सगळे भिंतीच्या कडेने वळून मागे गेले, आणि खोलीत उभे राहिले. खोलीला चौथी भिंतच नव्हती. आत एका खुर्चीवर सिरियलमधले म्हातारे आजोबा पाय पसरून केळं खात बसले होते.

“अरे वा, पाहुणे!” ते उठले. सेटवर सगळे त्यांना दादा म्हणत. दादांनी केळ्याची साल खिशात घातली, हनुवटीखाली नखं घालून दाढी सोलून काढली, मग डोक्यावरचा पांढरा टोप उचलला. खाली काळेभोर केस आणि मुलांच्या बाबांसारखा एक माणूस. काही मुलं किंचाळली. मग हसली. मग ‘परत लावा, परत काढा’ सुरू झालं.

वकीलबाई हसली नाही. ती दादांसमोर जाऊन उभी राहिली.

“तुम्हाला बाहेर येता येत होतं?”

“केव्हाही.”

“औषध?”

“मला काही झालेलं नाही, बाळा. ठणठणीत आहे.”

“मी रडले होते. जेवले पण नव्हते. ते खोटं-खोटं नव्हतं.”

दादा खाली बसले. “ते खरं होतं,” ते म्हणाले. “तू रडावंस म्हणून तर आम्ही एवढा खटाटोप करतो. पण जेवायचं मात्र राहता कामा नये. पुढच्या वेळी आधी जेव, मग रड.”

तिने विचार केला आणि मान हलवली. तोडगा तिला मान्य झालेला दिसला.

पुढचा तास भराभर गेला. फवाऱ्याच्या नळीतून पाऊस पाडणाऱ्या माणसाने एका मुलाला नळ सोडू दिला. आवाज टिपणाऱ्या मुलीने लांब काठीला लावलेला केसाळ माइक सगळ्यांना कुरवाळू दिला. मेकअप करणाऱ्या ताईंनी रक्ताची बाटली काढली तेव्हा पोरं मागे सरकली. “अरे, साखरेचा पाक आहे आणि लाल रंग,” त्या म्हणाल्या आणि प्रत्येकाच्या बोटावर एकेक थेंब टेकवला. सगळ्यांनी बोटं चाटली. गोड. वकीलबाईने तीनदा मागून घेतलं.

शेवटी मुंगीची आई कपडे बदलून, कपाळावर आठ्या काढून आली. कमरेला किल्ली होती. मुलांदेखत तिने दादांच्या अंगावर असा आवाज चढवला की एका मुलाने बाईंच्या ओढणीत तोंड लपवलं. तेवढ्यात कुणीतरी ‘कट!’ म्हणालं आणि ती वळून हसली. “मुंगे, डबा संपवलास का गं?”

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मुंगी मानेने हो म्हणाली, पण जरा खट्टू झाली. धमकी गेली म्हणजे झोपाळा गेला, हे तिला कळून चुकलं होतं.

त्या दिवसापासून वर्गाला वेड लागलं. बुटांचे खोके कॅमेरे झाले. पट्टीला मोजा अडकवला की माइक. प्रत्येक गोष्टीला ‘अॅक्शन’ आणि प्रत्येक गोष्टीला ‘कट’. बाई फळ्यावर लिहीत असल्या तरी मागून ‘कट, बाई, परत लिहा, तुमचा हात मध्ये येतोय’ ऐकू यायचं. मुंगीच्या आईला मुलं पुन्हा काकू म्हणू लागली, मुद्दाम, आणि तीही फाटकात डोळे वटारून एकदा तरी ‘कोंडू का?’ म्हणायची. मग सगळी चिवचिवत पळायची. बाई खूश होत्या. एक धडा नीट बसला, असं त्यांना वाटलं. त्यांनी ठरवलं की आता वर्गाची एक छोटी फिल्म करायची, आपल्या फोनवर, मुलांनीच रचलेल्या गोष्टीची.

वकीलबाईच्या घरी शूटिंग रोज दुपारी चालायचं. आई बँकेत खिडकीवर बसायची, ती संध्याकाळी यायची. दिग्दर्शक वकीलबाई. नट एकच, आजोबा. आजोबांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या, नाटकाशी त्यांचा संबंध नव्हता, पण मरायला ते फार छान शिकले. कधी बाण लागून, कधी विष पिऊन, कधी वाघाने खाऊन. छातीवर हात ठेवायचे, डोळे फिरवायचे, सोफ्यावर कोसळायचे आणि ‘कट’ ऐकू येईपर्यंत श्वाससुद्धा रोखून धरायचे. आजी म्हणायची, “अहो, वयाला शोभेलसं काही करा.” ते म्हणायचे, “या वयाला हेच शोभतं.”

त्या दुपारी आजी दुकानात गेली होती. आजोबा स्वयंपाकघरात स्टुलावर चढले, वरच्या फळीवरचा डबा काढायला. स्टुलाचा एक पाय डगमगता होता. दुसऱ्याच्या लिफ्ट सांभाळणाऱ्या माणसाला आपल्या घरचं स्टूल दुरुस्त करायला वेळ झाला नव्हता. ते डब्यासकट खाली आले. डोकं ओट्याच्या कडेला लागलं.

वकीलबाई खोकं घेऊन दारात उभी होती. आजोबा पडले ते आजवरच्या कुठल्याही पडण्यापेक्षा चांगलं होतं. डब्याचा आवाजही झकास झाला. तिने खोक्याच्या भोकातून त्यांच्याकडे बघितलं. मग दुसऱ्या बाजूला जाऊन बघितलं.

“कट,” ती म्हणाली.

आजोबा हलले नाहीत.

“आजोबा, कट. झालं.”

ती खाली बसून राहिली. पूर्वी एकदा ते असेच मुद्दाम उठले नव्हते आणि ती जवळ गेल्यावर ‘भॉक’ केलं होतं. या वेळी फसायचं नाही असं तिने ठरवलं. तिने खोकं बाजूला ठेवलं, डब्यातून सांडलेली बिस्किटं गोळा केली, एक खाल्लं. “मी मोजते हं,” ती म्हणाली. तिला येत होते तेवढे आकडे मोजून झाले. मग ती रागावली. “एकच शॉट किती वेळ करायचा? मला कंटाळा आला.”

आजोबांच्या कपाळावरून लाल ओघळ खाली आला होता आणि फरशीवर त्याचा ठिपका झाला होता. तिने त्यात बोट बुडवलं आणि चाटलं.

गोड नव्हतं. खारट होतं.

तिने पुन्हा एकदा चाटून बघितलं. मग ती उठली आणि दार उघडं टाकून समोरच्या घरी पळाली. तिथे एक शिंपी राहायचा. तो मशीनवर काम करत होता. “आमचे आजोबा खारट झालेत,” ती म्हणाली. शिंप्याला काही कळलं नाही. पण तिच्या तोंडाला लागलेलं लाल बघून तो कात्री हातात तशीच घेऊन धावला.

आजोबा वाचले. मनगट मोडलं होतं, कपाळाला टाके पडले, आणि डोक्याला मार म्हणून डॉक्टरांनी काही दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं. ती धावत गेली नसती तर जिवावर बेतलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. आणि आधी गेली असती तर बरं झालं असतं, असंही म्हणाले.

दुसरं वाक्य घेऊन वकीलबाईची आई शाळेत आली. दोन रात्री जागी होती, डोळे सुजले होते. मुलं मैदानात होती म्हणून बरं.

“माझी मुलगी त्यांच्याशेजारी बसून बिस्किट खात होती,” ती म्हणाली. “कट म्हणत होती. तुम्ही शिकवलंत तिला. सगळं खोटं असतं म्हणून.”

“खोटं-खोटं,” बाईंच्या तोंडून निघालं आणि त्यांनी जीभ चावली.

“शब्दांचे खेळ माझ्याशी नका करू. आता ती रात्री उठून माझ्या तोंडाजवळ कान लावून बघते, मी खरंच झोपलेय की नाही ते. हे कुणी निस्तरायचं?”

‘मी विचार करते’ एवढंच बाई म्हणाल्या, आणि वकीलबाईची आई, याहून जास्त भांडायची तयारी करून आलेली, निघून गेली.

संध्याकाळी बाई दवाखान्यात गेल्या. मुंगीची आईही बरोबर आली. आजी पलंगाशेजारी बसून मोसंबं सोलत होती. मुंगीच्या आईला बघताच तिचे हात थांबले. भुवया आपोआप आक्रसल्या. मग ती स्वतःशीच पुटपुटली, “नाही, नाही, ही ती नव्हे,” आणि तिने स्टूल पुढे केलं.

बाईंनी आजोबांची माफी मागितली.

“तुमचा काय दोष?” आजोबा डोक्याच्या पट्टीखालून म्हणाले. “आठवडाभर रोज मरून दाखवत होतो मी. सारखं मरणाऱ्या माणसावर कोण विश्वास ठेवणार? आणि मागे एकदा मीच ‘भॉक’ केलं होतं तिला. तिने बरोबर केलं. तपासून बघितलं. फक्त तपासायला वेळ लावला.”

“तेच,” बाई म्हणाल्या. “खोटं कसं बनवतात ते मी तिला दाखवलं. खरं कसं ओळखायचं ते राहून गेलं.”

“ते मला कुठे येतंय या वयात,” आजोबा म्हणाले आणि हसताना टाके ओढले गेल्यामुळे विव्हळले. वकीलबाईची आई दारातून आत येत होती. विव्हळणं ऐकून ती धावली, आणि त्यांना हसताना पाहून तिचा संताप झाला. “बाबा, तुम्ही आता काही दिवस विव्हळायचं असेल तर खरंच विव्हळा,” ती म्हणाली. यावर आजीला पहिल्यांदा हसू आलं.

परतताना रस्त्यात मुंगीची आई म्हणाली, “आमच्याकडे मारामारी बसवणारे एक मास्तर आहेत. त्यांचा नियम आहे. सीनमध्ये ‘मेलो’, ‘वाचवा’, काय वाटेल ते ओरडा. पण एक शब्द ठरलेला असतो, तो नाटकात कधीच म्हणायचा नाही. तो कुणी उच्चारला की जिथल्या तिथे सगळं थांबतं. दिग्दर्शकानेही विचारायचं नाही, का थांबलात म्हणून.”

“आणि बेशुद्ध पडलेला माणूस तो शब्द कसा म्हणणार?” बाईंनी विचारलं.

त्या बोलत बोलत मुंगीच्या आईच्या घरापर्यंत आणि तिथून परत कोपऱ्यापर्यंत आल्या.

वर्गात पुन्हा गोल भरला. बाईंनी आजोबांची गोष्ट लपवली नाही, तशीच सांगितली. वकीलबाई खाली मान घालून मोज्याचा धागा ओढत होती. बाईंनी विचारलं, “एखादा पडला, आणि खरं की खोटं-खोटं ते कळत नाहीये. काय करायचं?”

“गुदगुल्या करायच्या.”

“आईसारखा आवाज काढून हाक मारायची.”

“त्याचं चॉकलेट घ्यायचं. खोटं असेल तर उठेल.”

“चाटायचं,” एकजण म्हणाला आणि सगळ्यांनी वकीलबाईकडे बघितलं.

“चाटायचं नाही,” वकीलबाई म्हणाली. “वेळ जातो.” ती अजूनही खालीच बघत होती. “मोठ्या माणसाला बोलवायचं. आधी. मग बघत बसायचं.”

“आणि ते खोटं-खोटं निघालं तर? मोठं माणूस ओरडलं तर?” एकाने विचारलं.

“नाही ओरडणार,” बाई म्हणाल्या. “मी तरी नाही. शंभर वेळा फुकट बोलावलंत तरी येईन.”

बोलून गेल्या खऱ्या, पण पुढचे काही दिवस बाईंच्या नाकी नऊ आले. मास्तरांचा नियमही त्यांनी मुलांना दिला होता. शब्द ठरला ‘खरंच’. तो खेळात म्हणायचा नाही, आणि ऐकला की सगळ्यांनी थांबायचं. दर पाच मिनिटांनी कुणीतरी ‘बाई, खरंच!’ म्हणत धावत यायचं. खरंच खरचटलंय, खरंच शू लागलीये, खरंच त्याने माझ्याकडे असं बघितलं. बाई प्रत्येक वेळी हातातलं काम टाकून गेल्या. एकदा मुंगीने झोपाळ्यासाठी तो शब्द वापरून पाहिला. पण मुलांनी तिला दाद दिली नाही. ‘खरंच’ झोपाळ्यासाठी नसतो, असा निकाल वकीलबाईने दिला. मुंगीने थोडं कुरकुरून रांगेत नंबर लावला.

रात्री उठून आईच्या तोंडाशी कान नेणं मात्र लगेच सुटलं नाही. आईने त्याच्यावर उपाय काढला. ती डोळे न उघडता म्हणायची, “आहे मी.” मग वकीलबाई झोपायची. हे बरेच महिने चाललं.

फिल्म झाली. गोष्ट अशी की एका राज्यातले सगळे दिवे चोरीला जातात. चोर व्हायला कुणी तयार होईना, तेव्हा मुंगीने हात वर केला. तिने चोर असा केला की बाईंना मुंगीची आई आठवली. आजोबा हाताला प्लास्टर घालून आले आणि म्हातारा राजा झाले. मुलांनी आधी प्लास्टरवर टकटक करून ते खरं असल्याची खात्री करून घेतली. पण आजोबांनी मरायचा सीन करायचा नाही, अशी दिग्दर्शकाची अट होती. “राजा फक्त बसणार,” वकीलबाई म्हणाली. “आणि जेवणार.”

सगळ्या पालकांना एका शनिवारी सकाळी बोलावलं. पडदे ओढून वर्गात अंधार केला, भिंतीवर चादर ताणली, बाईंच्या फोनला प्रोजेक्टर जोडला. वकीलबाईची आई येईल की नाही याची बाईंना खात्री नव्हती. ती आली, शेवटच्या रांगेत बसली, पर्स मांडीवर धरून.

चित्र छान दिसलं, पण आवाजच येईना. बाईंनी वायर काढली, घातली, पुन्हा काढली. चादरीवर मुलांची तोंडं हलत होती आणि खोलीत कुणाच्या तरी तान्ह्या बाळाचं किरकिरणं तेवढं ऐकू येत होतं. “दोन मिनिटं हं,” बाई म्हणाल्या.

वकीलबाई जागेवरून उठली. चादरीजवळ जाऊन तिने चित्रातल्या सैनिकाचं तोंड हलताना बघितलं, आणि त्याच वेळी त्याचं वाक्य मोठ्याने म्हटलं. मग मुंगी दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि चोराचं हसू हसली. एकेक करून सगळी मुलं उठली. कुणी आपलंच तोंड गाठायला उशीर करत होतं, कुणी दुसऱ्याचं वाक्य घेत होतं, दिवे चोरीला जाण्याचा आवाज तिघांनी मिळून तोंडाने काढला. राजाचं एकच वाक्य होतं. त्यासाठी सगळी मुलं वळून आजोबांकडे बघू लागली. आजोबा खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, “मला भूक लागली आहे.”

शेवटच्या रांगेतून कुणीतरी मोठ्याने हसलं. बाईंनी वळून बघितलं. वकीलबाईची आई रुमालाने डोळे पुसत होती.

मग पडदे उघडले, आणि पालक खुर्च्या एकात एक रचू लागले.